वॉकी-टॉकीवर बोललेली मराठी

रायपूरच्या मंडळींनो, हे जहाजावरून लिहून राहिली आहे. दुपारपासून मन लागत नाही.

समुद्रात फोनले नेटवर्क नसते, म्हणून आम्ही वॉकी-टॉकीची जोडी आणली. एक माझ्याजवळ, एक जाऊबाईंजवळ. गर्दीत ऐकू यावं म्हणून आवाज फुल.

आज मी जेवणाच्या रांगेत होती आणि जाऊबाई पुढं जागा शोधून राहिल्या होत्या. माझ्या हातातून त्यांचा आवाज आला, "खिडकी एका व्हीलचेअरवाल्या म्हातारीनं अडवली आहे. अशा लोकांले काहून आणतात फिरायले?"

मी बटण दाबून होकार दिला, "हव ना."

रायपूरच्या सदर बाजारात हिंदी बोलणाऱ्या दुकानदारासमोर आपण असंच बिनधास्त बोलतो. त्याले मराठी समजत नाही, ही आपली सोय. हे जहाज मुंबईहून निघालं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माझ्यापुढचा माणूस ताटलीत मऊ भात घेत होता. तो वळला. "ती माझी आई आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला समुद्र बघायचा होता. आम्ही उठतो."

मी माफी मागितली, नका उठू म्हटलं. तरी ते उठलेच. त्या खिडकीत बसायची आमची हिंमत झाली नाही.

जाऊबाई म्हणतात, आवाज कमी ठेवायले पाहिजे होता. तुम्ही सांगा, चूक आवाजाचीच होती का?