जावेच्या नळाला फडकं नाही

माझ्या धाकट्या जावेनं तिच्या नळाचं फडकं सोडून फेकलं, त्या दिवशी माझी सकाळ नासली ती नासलीच.

नळाला फडकं बांधायचं असतं हे आमच्या गावात कोणाला शिकवावं लागत नाही. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्यायचा, दुपदरी करायचा, तोटीला सुतळीनं आवळायचा. पाणी एक दिवसाआड सकाळी सुटायचं. आधी तांबडं, मग पिवळं, मग पिण्याजोगं म्हणायचं तसलं. लोखंडी पाइपातून सुटलेले गंजाचे कपचे त्या फडक्यात अडकायचे आणि आठ दिवसांत फडकं विटेच्या रंगाचं व्हायचं. कोणाचं फडकं किती लाल यावर बायकांच्या गप्पा चालत. सगळ्यात लाल माझं. मी नवं बांधायची, ते पुन्हा लाल व्हायचं, आणि समोरच्या दारात जावेचं फडकं नुसतं पिवळट राहायचं. ते मला वर्षानुवर्षं खुपत होतं.

चंद्रपूरहून आलापल्लीकडे जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. रस्त्याच्या एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला दीर-जाऊ, दारासमोर दार. आमचे हे आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला, शनिवारी येतात आणि सोमवारी जातात. म्हणजे आठवडाभर मी माझ्या ओट्यावर आणि ती तिच्या ओट्यावर. एकमेकींच्या घरात काय शिजतं तेही वासावरून कळतं.

गावातली जुनी पाइपलाइन काढून नवी टाकायचं काम निघालं, तेव्हा सुरुवात तिच्या अंगानं झाली. टाकी त्या बाजूला, म्हणून. कारण रास्त होतं, पण मला ते पटलं नाही. जेसीबीनं खोदलं, काळे प्लास्टिकचे पाइप पुरले, मग दोन दिवस लाइन धुतली. शेवटच्या टोकाला पाणी नालीत सोडून दिलेलं, घाण सगळी वाहून जाईपर्यंत. तिसऱ्या दिवशी नळ आले आणि जाऊ रस्त्यापलीकडून म्हणाली, "बाई, पाहा ना, काचेवानी पानी आलं." एवढं बोलून तिनं फडकं सोडलं आणि कचऱ्यात टाकलं.

तिच्या बोलण्यात मला डिवचण्याचं काही नव्हतं. तेच तर अवघड आहे. तिच्यात खोट काढायला जागा सापडत नाही, आणि मी तर गेली तीस वर्षं शोधते आहे.

मग रोजचंच सुरू झालं. तिच्या दोरीवर पांढरे कपडे खरेच पांढरे दिसायला लागले. तिचं वरण लवकर शिजायला लागलं. ते तिनं सांगितलं नाही, मीच कुकरच्या शिट्या मोजल्या. एका सकाळी ती पाण्यानं भरलेला पितळी गुंड कमरेवर घेऊन रस्ता ओलांडून आली. "बाई, प्यायचं पानी माझ्याकडून नेत जा. लाइन येईपर्यंत."

"माह्या घरी नळ आहे," मी म्हटलं.

ती गुंड ओट्यावर ठेवून गेली. मी तो गुंड झाडांना ओतला आणि माझं पाणी तुरटी फिरवून, दोनदा उकळून, चार पदरी गाळून प्याले. गॅस गेला, वेळ गेला, पण तिचं पाणी माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

हे सगळं मी पचवलं असतं. पण पोरीचा फोन आला.

माझी एकच पोरगी. आरमोरीला दिली आहे. सातवा संपत आला होता, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच करायचं हे लग्नाच्या आधीपासून माझ्या मनात ठरलेलं. खोली मी रंगवून घेतली होती. जुन्या मऊ साड्यांच्या गोधड्या शिवून झाल्या होत्या. आणि ती फोनवर म्हणते, "आई, डॉक्टरबाई म्हन्ते पानी सांभाळा. मले दहावीत कावीळ झाली होती न, ते सांगितलं मी तिले. आता या दिवसात पुन्हा झाली तर लय धोका आहे म्हन्ते. मी काकूकडे राहू का? समोरच तर आहे."

समोरच तर आहे. मी फोन कानाला लावून समोर पाहिलं. जाऊ ओट्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. तिला दोन पोरं, दोघंही पुण्याला. पोरगी नाही. माझ्या पोरीवर तिचा जीव लहानपणापासून, वेण्या घालायला बोलवायची, मेळ्यातून बांगड्या आणायची, आणि पोरगीही आईला सोडून काकूच्या मांडीवर. तेव्हाही माझ्या पोटात दुखायचं. आता माझ्या नातवाची पहिली आंघोळ हिच्या मोरीत होणार, माझ्या पोरीला डिंकाचा लाडू ही भरवणार, आणि मी रस्ता ओलांडून पाहुण्यासारखी बघायला जाणार.

"तुह्या आईचं घर असताना काऊन दुसरीकडे राहतं?" मी म्हटलं. "तू येईपर्यंत लाइन होते इथी."

दुसऱ्या दिवसापासून मी पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या मागे लागले. रोज सकाळी त्याच्या टेबलासमोर उभी. तो म्हणायचा, "बाई, नंबरानं होते." मी म्हणायची, "माह्या पोरीचा नववा नंबरानं थांबते का?" शेवटी तो मला लांबून पाहूनच मान हलवायला लागला. माझ्यामुळे असेल की नंबरामुळे, पण आमच्या अंगाचं काम लवकर सुरू झालं.

घराघरांच्या जोडण्या करायला फिटर चाचा आले. बाजाराच्या मागे राहतात, गावातले निम्मे नळ त्यांच्याच हातचे. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं कमी, हात पक्का. त्यांनी माझ्या दारासमोर बसून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मेन लाइन नवी झाली. पन तुमचा घरात येनारा तुकडा जुनाच आहे, लोखंडाचा. नालीतून येते, मग ओट्याखालून आत जाते. तोही बदलाव लागन. ओटा फोडा लागते."

आता ओट्याचं सांगते. जावेनं घरात कोटा फरशी बसवली होती. त्यावर मी ओट्याला टाइल्स लावल्या, निळ्या, कडेला मोरांची पट्टी. तिनं आत लावली, मी बाहेर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. एक वर्षही झालं नव्हतं. रोज दोनदा पुसायची मी ती.

"ओटा नाई फुटनार, चाचा. आहे त्याले जोडून द्या."

"मंग मले बोल लावू नका," चाचा म्हणाले. त्यांनी नवा पाइप जुन्या तुकड्याला जोडला, माती लोटली आणि पुढच्या घरी गेले.

पाणी आलं ते भसाभसा, जोरात. आधी थोडं लाल, मग स्वच्छ. जाऊ तिच्या ओट्यावर येईपर्यंत मी थांबले. ती आली तसं तिच्या देखत फडकं सोडलं आणि दूर भिरकावलं. ती हसली, म्हणाली, "झालं बाई एकदाचं." मी पोरीला व्हिडिओ कॉल लावला, काचेचा पेला मोबाइलसमोर धरला. त्यातून माझ्या ओट्यावरचे मोर दिसत होते. पोरगी म्हणाली, "मस्त न आई. गुरुवारी येतो मी. तुह्याकडेच." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जावेला आपणहून विचारलं, चहा घेतेस का. एवढी मी खूश होते.

मंगळवारी नळाला जोर नव्हता. सगळ्यांच्या जोडण्या झाल्या होत्या, पाणी वाटलं गेलं असेल. मी सवयीनं टिल्लू पंप लावला. आमच्याकडे बहुतेक घरी तो असतो, लाइनीतून पाणी ओढून घ्यायला. बादली भरली आणि वास आला. नालीचा वास. पाणी पिवळं, वर काळे धागे तरंगत होते.

मी बादली उचलून रस्त्यावर नेली आणि सुरू झाले. कंत्राटदाराला बोलले, साहेबाला बोलले, जो दिसला त्याला बोलले. "त्या अंगाले साफ पानी देऊन राह्यले आनि आमाले नाली पाजून राह्यले. आमी काय मानसं नाई का?" चाचा तिसऱ्या घरी गळकी तोटी बदलत होते, ते उठून आले. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. डाव्या घरचा नळ उघडून पाहिला, उजव्या घरचा पाहिला. दोन्हीकडे स्वच्छ. मग माझा पंप बंद केला.

"बाई, पंप ओढते तवा फक्त लाइनीचं पानी नाई ओढत. तुमच्या पाइपाले भोकं असन तर नालीतलंही ओढते. हे पानी लाइनीचं नाई, तुमच्या ओट्याखालचं आहे."

गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. मी बादली खाली ठेवली. जाऊही आली होती रस्ता ओलांडून. टाइल्सबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. हलकेच म्हणाली, "बाई, पोरगी माझ्याकडे राहीन चार दिवस. तुमी सावकाश करून घ्या."

चार दिवस. हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी एकदा तिच्या दारात उतरली की चार दिवसांचे चाळीस होणार, हे मला दिसत होतं. मी चाचांच्या पिशवीतून हातोडा काढून घेतला आणि पहिला घाव मीच घातला, मोरांच्या पट्टीवर. चाचा म्हणाले, "द्या इकडे, हाताले लागन." मी दिला नाही. अर्ध्या तासात ओट्याची दुर्दशा झाली. मला वाटलं होतं मी रडेन, पण नाही रडले. राग इतका होता की त्याला जागा पुरत नव्हती.

चाचांनी तुकडा उपसून बाहेर काढला, साधारण हातभर लांब नालीतला भाग. मधोमध कापून माझ्यासमोर धरला. आत गंजाचे थर, पाणी जायला बोटही शिरणार नाही एवढी वाट. बाहेरून, नालीत बुडालेल्या बाजूनं, चाळणी झालेली. भोकांत काळा गाळ.

"हे भोकं आजचे नाई," चाचा म्हणाले. "लय वर्षांचे आहे. आता जोडताना हलला न, गंज झडून मोठे झाले."

वर्षं मला मोजावी लागली नाहीत. पोरगी नववीत होती तेव्हा जावेनं तिचा नालीतला पाइप काढून वरून घेतला होता, हेच चाचा होते तेव्हाही. ती मला म्हणाली होती, "बाई, चाचा आलेच आहेत तं तुमचाही वर काढून घ्या. नालीत राहू देऊ नका." मला वाटलं, मिरवून राह्यली. मी म्हटलं, "आमाले गरज नाई." पुढच्या पावसाळ्यात पोरीला कावीळ झाली. डोळे पिवळे, पोटात पाणी ठरेना, दहावीचं वर्ष तिनं उलटीच्या बादलीशेजारी बसून काढलं. आणि मी दारोदार सांगत फिरले की या गावच्या लाइनीनं माझ्या पोरीला आजारी पाडलं. लाइन तर जावेच्या घरीही तीच होती. तिच्या घरी कोणाला झाली नाही. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही, की आलं होतं आणि मी बाजूला सारलं, ते आज मला सांगता यायचं नाही.

जावेच्या ध्यानात तेव्हाच आलं असणार. ती रोज उसाचा रस घेऊन यायची, पोरीच्या उशाशी बसायची, माझं लाइनीवरचं बोलणं ऐकायची. एकदाही म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून टाइल्सचे तुकडे घमेल्यात भरत होती. म्हणाली, "चाचा, नवा पाइप नालीच्या वरून घ्या. पक्का क्लॅम्प मारा." बस, एवढंच.

गुरुवारी पोरगी आली. फुटक्या ओट्यावर फळी टाकली होती, तिचा हात धरून मी आत आणली. पंप मी काढून टाकला होता. नळ बारीक चालत होता, पण स्वच्छ. तिनं तोटीखाली पेला धरला, उजेडात पाहिला आणि गटागटा प्याली. जाऊ डब्यात तिच्यासाठी पातोड्या घेऊन आली होती, ती दाराशी टेकून बघत होती. बाहेर भिंतीला तो कापलेला पाइप तसाच उभा होता. चाचा न्यायला विसरले आणि मी फेकायला.

पोरगी बाहेर आली तशी तिनं तो पाहिला. "आई, हा काय?"

"जुना पाइप," मी म्हटलं. "रस्त्यावरचा. लाइनीचा."

ती वाकून आत पाहायला लागली, भोकांवरून बोट फिरवलं. "बापा रे. याच्यातूनच आली असन न मले कावीळ?"

पोरगी माझ्याकडे बघत होती.

"हो, रस्त्यावरचाच आहे तो," जाऊ दारातून म्हणाली. "साऱ्या लाइनीचा असाच निघाला. हात धू तू आधी." तिनं पाइप उचलला, रस्ता ओलांडून तिच्या घरामागच्या भंगारात टाकून आली आणि डबा उघडून बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आता दोन्ही घरी एकच पाणी आहे. माझ्या दोरीवरचे कपडेही पांढरे दिसतात. पोरगी माझ्या खोलीत झोपते, माझ्या हातचं खाते, आणि संध्याकाळी वेणी घालायला समोर जाते. मी फुटक्या ओट्यावर बसून बघते, आणि अजूनही जळते, खोटं कशाला बोलू. पूर्वी तिच्या फरशीवर जळायची, तिच्या पाण्यावर जळायची. त्या वस्तू होत्या, मलाही आणता आल्या असत्या. तिच्या जागी मी असते तर दहा वर्षांपूर्वीच, पोरीच्या उशाशी उभी राहून, साऱ्या गल्लीच्या देखत सांगून मोकळी झाले असते की मी बजावलं होतं, हिनं ऐकलं नाही.