सीतादहीचा कापूस

बारावीच्या चाचणीत इंटिग्रेशनच्या माझ्या प्रत्येक उत्तरापुढे सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, "अधिक सी कुठे आहे?" तेवढ्यापायी मी नापास झाले. एक अक्षर राहिलं तर कोणाचं काय बिघडतं, असं मला मनापासून वाटत होतं.

बिघडलं माझंच. बाबांना आयतं कारण मिळालं. "रोज एसटीनं यवतमाळले जाऊन हेच शिकून राह्यली का? त्यापेक्षा आर्णीत आर्ट्सले नाव टाक."

मी चवताळून समजावलं. खोलीतला कापसाचा ढीग कोणत्या दिवशी किती वाढला हे काढणं म्हणजे डिफरन्सिएशन. त्या रोजच्या वाढी जोडत पुन्हा ढिगापर्यंत येणं म्हणजे इंटिग्रेशन. जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता.

"मंग सांग, ढीग केवढा हाय? बरोबर आलं तं यवतमाळ, नाही तं आर्णी."

पहिला वेचा नुकताच संपला होता. आईच्या वहीत रोजचं वजन होतं. मी ते जोडून ऐटीत सांगितलं, नऊ क्विंटल चाळीस. दोन दिवसांनी माल काट्यावर चढला आणि नऊ क्विंटल बावन्न भरला.

बाबा मिशीत हसले. आई म्हणाली, "सीतादहीचा असन तो."

सीतादही म्हणजे वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून घरचीच माणसं कापूस वेचतात. तो आमच्याकडे मोजत नाहीत, नुसता खोलीत ठेवतात. पुढचा सगळा ढीग त्याच्यावरच चढला होता. तो स्वतः कधी वाढला नाही, म्हणून रोजच्या वाढीत दिसला नाही, आणि वाढी जोडून परतही आला नाही. सरांचा सी, आधीपासून असलेला तो न बदलणारा आकडा, आमच्याच खोलीत तळाशी पडून होता, आणि त्या दिवशी तीन वाट्या दहीभात मीच हाणला होता!

"हरली मी," म्हणताना मला रडूच आलं. बाबांनी वही ओढून पानन् पान पाहिलं.

"जोडलं तं बरोबर हाय. पह्यलेचं काही असन, एवढं लिवाले काय झालतं?"

मी गुपचूप चाचणीचा पेपर आणून सरांचं लाल वाक्य त्यांना वाचून दाखवलं, अर्थही सांगितला. चौथी शिकलेले माझे बाबा भलतेच खूश झाले. "हे सर तं माह्यासारखंच बोलतेत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला गाडीवरून स्टँडवर सोडलं. यवतमाळची एसटी हलली तसे खिडकीजवळ धावत आले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले, "सी लिवजो वं!"