परत-वाच आय आणि दातिवऱ्याचा बंधारा

व्यक्ती : परत-वाच आय, धंदा सुकी मासळी विकणे, राहणार दातिवरे, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. काळ : ऐंशीच्या दशकाची पहिली वर्षे. ठिकाण : पालघर कचेरीबाहेरील माझे अर्जलेखनाचे टेबल. साक्षीदार : एक, शेजारचा चहावाला बबन, दोन, मी स्वतः. साक्षीदार क्रमांक दोन हाच या प्रकरणी दोषीही आहे, हे आरंभीच नमूद करतो.

अर्ज संपूर्ण दोनदा ऐकल्याखेरीज आय अंगठा उमटवीत नसे, आणि ऐकताना कधी बसत नसे. "बसून आयकलं का झोप येते," म्हणे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी माझी भाषा ऐकून वकीलसुद्धा थबकत. आय थबकत नसे.

तिच्या घरासमोर समुद्र रोखणारा बंधारा शासनाने मंजूर केला होता. कंत्राटदाराने चार दिवस दगड टाकले, पाटी लावली आणि माणसे नेली. उधाणाचे पाणी तिच्या मासळीच्या वाळवणापर्यंत येऊ लागले. त्यापुढे घरच होते. एके दिवशी बोईसरला सुकट विकताना एका आवाराच्या भिंतीत तिला बंधाऱ्यासाठी आलेले, रंगाने आकडे घातलेले दगड दिसले. तिने हटकताच पहारेकरी हसला, "मौसी, पत्थर पे तेरा नाम लिखा है क्या?"

"नाव नाय, नंबर हाय. तुज्या शेटला वाचाला सांग."

तिथून ती थेट माझ्याकडे आली. मी रिवाजाप्रमाणे आरंभ केला : ‘शासनाच्या कृपेने बंधाऱ्याचे काम हाती घेण्यात आले, याबद्दल आम्ही ग्रामस्थ पूर्ण समाधानी व ऋणी आहोत, तथापि...’ तथापिच्या पुढे अर्धवट काम, दगड, नंबर, सर्व काही होते.

"परत वाच."

मी वाचले.

"भिंत नाय हाय. मंग आमी समाधानी कशाला?"

"आय, ही रीत आहे. साहेबांशी आधी गोड बोलावे लागते."

"गोड खाऊन त्यो निजंल. खालचं कोन वाचंल?"

बबन चहाची किटली खाली ठेवून हसला. मला राग आला. "अर्ज तू लिहितेस की मी?" न पटलेल्या कागदावर प्रथमच तिने अंगठा दिला. "शिकलेला तू हाय, बाबा."

त्या अर्जावरून आमच्या आमदारांनी सभागृहात प्रश्न विचारला. उत्तराची टंकलिखित प्रत घेऊन आय माझ्यासमोर उभी राहिली. मी मोठ्याने वाचू लागलो. काम पूर्ण झाले आहे काय? होय. ग्रामस्थांची तक्रार आहे काय? नाही, ‘आम्ही ग्रामस्थ पूर्ण समाधानी व ऋणी आहोत’ असे त्यांनी लेखी कळविले आहे. कंत्राटदारावर कोणती कारवाई केली? प्रश्न उद्भवत नाही.

आपले लेखन मोठ्या ठिकाणी वाचले जावे ही माझी आयुष्यभराची इच्छा होती. ते वाचले गेले होते, आणि तथापिच्या अलीकडेच तोडले होते.

"कोन बोलला ह्ये?"

"मंत्रिमहोदय."

"आनि लिवलं कोनी?"

बबनने मान खाली घातली.

त्या पावसाळ्यात समुद्राने वाळवण नेले, पुढच्या पावसाळ्यात घर. आय उमरोळीला लेकीकडे निघाली, तेव्हा वाटेत माझ्या टेबलाशी थांबली. "तुजा राग नाय, बाबा. पन आता कोनाचं लिवशील तं आदी भिंत लिव." उमरोळीहून समुद्र दिसत नाही. दोन वर्षांत ती तिथेच वारली.

तेव्हापासून माझा प्रत्येक अर्ज तक्रारीनेच सुरू होतो. साहेब मला उद्धट म्हणतात.

सभागृहाच्या छापील नोंदीत सदर बाई आजही समाधानी आहे. ती नव्हती. सबब विनंती की, तिचे उरलेले म्हणणे नोंदीत घ्यावे व तसे केल्याचे लेखी कळवावे. अर्जदार मयत असल्याने उत्तर उमरोळीस, तिच्या लेकीच्या नावे पाठवावे.