खुंटीवरचा कोट

शहापुरातल्या कुठल्याही जुन्या घरात जा आणि भिंतीवरचे आजोबा बघा. अंगात काळा कोट, डोक्याला जरीचा फेटा, छातीवर घड्याळाची साखळी. घरोघर एवढे रावसाहेब होते, तर मागावर बसत कोण होतं, असा मला लहानपणी प्रश्न पडायचा.

उत्तर नागोजीच्या खुंटीवर होतं. नागोजी विणकराचाच मुलगा, पण त्याचा हात धोट्यापेक्षा पेन्सिलीत रमला. लोक त्याच्याकडे बंडी-पंचात यायचे आणि तसबिरीत साहेब व्हायचे. कोट सगळ्यांना एकच, लष्कराच्या कॅम्पातल्या बाजारात जुना घेतलेला. साखळीला घड्याळ नव्हतंच. काढण्यात मात्र नागोजी हरिश्चंद्र. तोंडावर देवीचे वण असले तर ते काढणार. कोटाचं दुसरं बटण तेवढं पांढरं, तेही काढणार.

एकोणीसशे तीसच्या सुमारास त्याच्या लेकीला, अंजनीला, निपाणीचं स्थळ आलं. माणसं आपल्यातलीच, शहापूर आणि माग सोडून तिकडं साड्यांच्या दुकानात शिरलेली. अंजनीला मुलगा मनापासून आवडला होता, म्हणून बोलणी करायला गेलेल्या नागोजीचा जीव टांगणीला लागला होता.

मुलाच्या बापानं, मारुतीरावांनी, त्याला नेमकं तसबिरीखाली बसवलं. "हे आमचं वडील, आप्पा. कोटाबिगर भाईर पाऊल टाकलं न्हाय कधी. आमचं घराणं ह्ये असं, आणि तुमी पडला चित्रं काढणारं."

नागोजीनं मान वर केली. दुसरं बटण पांढरं. हसू ओठांवर आलं होतं, पण एका शब्दानं लेकीचं स्थळ मोडलं असतं. भला माणूस, त्यानं ते चहाबरोबर गिळलं.

तेवढ्यात मुलाची आजी यशोदाबाई बाहेर आली. पाव्हण्याला न्याहाळून म्हणाली, "नागोजी न्हवं तू? त्यो कोट हाय व्हय रं अजून?"

मग म्हातारीनं सगळंच सांगून टाकलं. तसबिरीसाठी नागोजीचा कोट चढवताना नवऱ्याच्या पोटापुढं बटण टिकलं नाही. तिनं कडेवरच्या पोराच्या सदऱ्याचं पांढरं बटण तोडून तिथंच टाचलं. ते पोर म्हणजे हेच मारुतीराव.

मारुतीराव तसबिरीकडं बघतच राहिले. त्यांच्या सदऱ्याचं बटण पुढं शहापुरातल्या निम्म्या थोरामोठ्यांच्या छातीवर मिरवलं होतं. आधी कान लाल झाले, मग मात्र पोट धरून हसले.

"लग्नात पोराला त्योच कोट घाला," ते नागोजीला म्हणाले. "बटण तेवढं बदलू नगा, आण्णा."