चौघांचं भाडं

माझ्या आईला आफ्रिकेत नोकरी लागली तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि गावात प्यायला पाणी नव्हतं. या दोन्ही गोष्टींनी आमच्या वडिलांचं दुकान बुडवलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते शिंपीकाम करायचे. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या की साहेब येणार, आणि साहेबांना प्यांटी लागणार, असं मनाशी ठरवून त्यांनी गंजगोलाईच्या मागे शिलाईचं दुकान टाकलं. साहेब आले, पण प्यांटी शिवून घेऊनच आले. खेड्यातल्या गिऱ्हाइकांनी दुष्काळात नवं कापड घेणंच सोडून दिलं. दादा दिवसभर दुकानात बसून उसवलेल्या पिशव्यांना टाके घालायचे. घर आईच्या पगारावर चालायचं. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, फक्त आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आई हायस्कुलात गणित शिकवायची. पहाटे टँकरच्या रांगेत घागरी लावायची, भांडून पाणी आणायची आणि शाळेच्या वेळेला कडक इस्त्रीच्या साडीत फळ्यासमोर उभी राहायची. सकाळी घागरीवरून तिच्याशी हातघाईवर आलेल्या बायकांची पोरं दुपारी तिच्या वर्गात हूं की चूं न करता बसलेली असायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. अजून वाटतो, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे तटस्थपणाचं सोंग आणायला नको.

आफ्रिकेतल्या एका खाणीच्या गावात शाळा होती आणि तिला गणिताचे शिक्षक हवे होते. आईने जाहिरात वाचून अर्ज केला आणि तिची निवड झाली. करारावर सह्या घ्यायला त्या शाळेचे हेडमास्तर स्वतः हैदराबादला येणार होते. पगार चांगला होता, राहायला घर होतं. मात्र तिथवर पोचायचं कसं, याबद्दल शाळेने चकार शब्द काढला नव्हता. चौघांच्या विमानाचं भाडं आम्हाला जन्मात जमण्यासारखं नव्हतं. शाळेने ते दिलं तर आई, दादा, मी आणि माझा धाकटा भाऊ असे सगळे जाणार होतो. नाही दिलं तर आई एकटी जाणार आणि आम्ही तिघं लातुरात टँकरची वाट बघत बसणार.

"भाडं मागून बघते," आई म्हणाली.

"मागायचं न्हाई," दादा म्हणाले. "मी मशीन विकतो. तुझ्या एकटीचं भाडं निघंल. पोरायला मी सांभाळतो."

आणि ते नुसतं बोलले नाहीत. नांदेडच्या एका टेलरशी त्यांनी मशीनचा सौदा ठरवूनही टाकला.

'मागायचं न्हाई' हा आमच्या घरातला सगळ्यात जुना नियम होता. तो कंधारकडच्या आमच्या गावातून आलेला. आजोबा गावाची कामं करायचे. दवंडी द्यायची, सरकारी माणसांचं सामान वाहायचं, वेशीवर जागायचं. त्या वर्षभराच्या कामाबद्दल संध्याकाळी घरोघर दारात उभं राहून भाकरी मागून आणायची, अशी रीत होती. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आजोबांनी भाकरीची टोपली चुलीत घातली आणि पोरांना बजावलं की यापुढे कुणाच्या दारात उभं राहून काही मागायचं नाही. दादांनी तो नियम इतका पाळला की मी शेजारणीकडे चहापुरती साखर मागायला गेले तरी मला बोलणी बसायची.

आईने त्या दिवशी भाकरी थापून संपवल्या, हात धुतले आणि दादांच्या समोर येऊन बसली.

"मामंजी मागत होते, असं कोण म्हणतं?" ती म्हणाली. "वर्षभर राबायचे ना ते? मग ती भाकरी त्यांची मजुरी होती. उभं राहून घ्यायला लावलं, म्हणून ते मागणं झालं. मी बसून मागणार हाय. खुर्चीवर बसून, सही करायच्या अगोदर."

हैदराबादला जायचं ठरलं तेव्हा दादांनी आपला कोट स्वतःच धुऊन वाळत घातला.

आम्ही चौघंही गेलो. उदगीर, बिदर करत एस.टी.ने हाडं खिळखिळी करून आम्हाला हैदराबादला सोडलं. हेडमास्तर एका हॉटेलात उतरले होते. उंच, सावकाश बोलणारे, भर उन्हाळ्यात टाय बांधून बसलेले आफ्रिकन गृहस्थ. त्यांच्या मदतीला हैदराबादचे एक चाचा होते. आई टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली. मी आणि भाऊ मागच्या बाकावर. दादा मात्र दाराजवळ उभे राहिले. चाचांनी दोनदा "बैठो जी" म्हटलं तरी हलले नाहीत.

बोलणं इंग्रजीत चाललं होतं, मी मराठीत सांगते. आईचं इंग्रजी पुस्तकी होतं, पण त्यात घाबरटपणा नव्हता. करार वाचून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आमच्या प्रवासाचं भाडं कोण देणार?"

हेडमास्तर जराही चमकले नाहीत. "शाळा देते," ते म्हणाले. "शिक्षकाचं, त्याच्या बायकोचं आणि मुलांचं."

"मग हे आधी का कळवलं नाही?"

"ज्यांना हवं असतं ते विचारतात," ते शांतपणे म्हणाले. इतके दिवस आमच्या घरात ज्यावरून जीव टांगणीला लागला होता, ते असं एका वाक्यात निकालात निघालं. मला हसू आलं.

पण ते हसू टिकलं नाही. हेडमास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि ते अडखळले. बाई नोकरीला आणि नवरा सोबत, असं त्यांच्या शाळेत आजवर झालं नव्हतं. शिक्षकावर जे अवलंबून असतील त्यांचंच भाडं द्यायचं, असा शाळेचा नियम होता. "तुमचे यजमान तर स्वतःचं कमावत असतील," ते आईला म्हणाले. "की तुमच्यावर अवलंबून आहेत?"

टँकरवाल्याला, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, परक्या मुलखातल्या साहेबाला काहीही विचारू शकणारी माझी आई खाली मान घालून पेनाचं टोपण फिरवत राहिली. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण दादांच्या देखत ते तिच्या तोंडून निघेना. मला तिचा इतका अभिमान आधी कधीच वाटला नव्हता आणि भीतीही तितकीच वाटली, कारण ती 'नाही' म्हणाली असती तर दादा मागे राहिले असते.

काय अडलंय ते दादांना कळेना. त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी आपल्या दखनी उर्दूत त्यांना विचारलं, "तुमारा गुजारा किस पे चलता जी? सायब पूछ रैं."

दादांनी कोटाची गुंडी लावली. दारातून टेबलापर्यंत चालत आले, आईच्या शेजारची खुर्ची ओढली आणि नीट बसले. मग आईकडे हात करून म्हणाले, "इनो पे. मेरा बी, बच्चों का बी. सूखा पड़ा तब से इनोच घर चला रैं."

आमच्या घरात कधीही न बोललेली गोष्ट दादांनी परक्यांच्या समोर, परक्या भाषेत, ताठ बसून सांगितली. आवाज जराही पडला नव्हता. नुसतं भाड्यासाठी बोलणारा माणूस असं बोलत नाही. ते आईबद्दल सांगत होते आणि त्यात त्यांना मोठेपणा वाटत होता. माझे डोळे भरून आले.

चाचांनी साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि चौघांचं भाडं मान्य केलं. आई पेन उचलेल असं आम्हाला वाटलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अजून एक. आमच्याबरोबर एक शिलाई मशीन येईल. ती पाठवायचा खर्चही शाळेने द्यावा."

"मशीन कोण चालवणार?"

"माझे यजमान. ती पोचली की ते माझ्यावर अवलंबून राहणार नाहीत."

"मग मी त्यांचं भाडं का देऊ?" साहेब हसत म्हणाले.

"पोचेपर्यंत अवलंबून आहेत ना," आई म्हणाली. "भाडं पोचेपर्यंतचंच असतं."

साहेब खळखळून हसले. मशीन बोटीने येईल, वेळ लागेल, पण खर्च शाळेचा, असं त्यांनी करारात लिहून दिलं आणि मगच आईने सही केली.

आम्ही लातूरला परतलो तर दुसऱ्याच दिवशी नांदेडचा टेलर मशीन न्यायला दारात हजर. दादा त्याला म्हणाले, "मशीन विकायची न्हाई. ती बी आमच्यासंगं चाललीय, बोटीनं."

"आन् त्याचा खर्च?" त्याने विचारलं.

"साहेब देऊन राहिले," दादा म्हणाले. मग त्यांनी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोरायच्या मायनं मागून घेतलं. बसून."