बनाबाईंची बादली आणि शेवटचे मिनिट

कसबा बावड्याच्या बनाबाईंनी आपल्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात चार म्हशी, तीन लेकी आणि एक सासू यांना रीतसर वळण लावले होते. रग्बी हा खेळ मात्र त्यांच्या वाट्याला आला, तो नात तेजस्वीमुळे.

तेजस्वी सात मुलींच्या संघाची कर्णधार होती. पळण्यात ती कोणाला हार जात नसे. परंतु शेवटच्या मिनिटाला चेंडू हाती आला की जागच्या जागी थिजत असे. तीन सामने तसेच हातचे गेले. पुन्हा असे घडल्यास कर्णधारपद मीनाक्षीला देण्यात येईल, असे प्रशिक्षक अमरसिंह सरांनी बजावले होते.

"आज्जे, समदी एकदम वरडत्यात. एक म्हणतंय पळ, एक म्हणतंय मार. मला कायच सुचत न्हाय!"

"आपली चंद्री म्हस दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत, गर्दीत अशीच खांबागत हुबी ऱ्हायली हुती. बादली वाजीवली, तवा आली न्हवं?"

गोठ्याचा नियम असा होता की, बनाबाईंनी बादलीवर तांब्या बडवताच प्रत्येकाने हातचे काम टाकून त्यांच्याकडे धाव घ्यावी. हा नियम म्हशींना आणि तेजस्वीला सारखाच लागू होता.

सामन्याच्या दिवशी बनाबाई बादली व तांब्या घेऊन मैदानावर पोहोचल्या. तेजस्वीने ज्या दिशेस धावायचे, त्या टोकाच्या कोपऱ्यात, रेषेला लागून त्यांनी पोते अंथरले. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

बारा विरुद्ध दहा! तेजस्वीचा संघ दोन गुणांनी पुढे होता. वेळ संपल्याचा भोंगा वाजला. आता चेंडू रेषेबाहेर गेला की सामना संपणार होता. चेंडू तेजस्वीकडे होता आणि ती थिजली होती.

"मार बाहेर!"

"पळ की गं!"

बनाबाईंनी तांब्या उचलला. ठण्‌ ठण्‌ ठण्‌!

तेजस्वी गर्रकन वळली आणि स्वतःच्याच गोलरेषेकडे सुसाट सुटली. अमरसिंह सरांनी डोक्याला हात लावला. विरुद्ध संघाच्या सातही मुली तिच्यामागे धावल्या. गोलरेषा दोन हातांवर असताना तेजस्वी कोपऱ्यातील रेषा ओलांडून आजीसमोर उभी ठाकली आणि म्हणाली, "आलो, आज्जे!"

चेंडू बादलीत पडला. चेंडू बाहेर गेला, सामना संपला, संघ जिंकला.

सर धापा टाकत आले. "आज्जी, ह्यो डाव कुठं शिकला तुमी?"

"कसला डाव? मी चुकीच्या बाजूला बसलो हुतो म्हनं."

सरांनी बादलीतल्या चेंडूकडे गंभीरपणे पाहिले. "तेजस्वीच कर्णधार ऱ्हाईल," ते म्हणाले.

"सर, मग बादलीला उपकर्णधार करा," मीनाक्षी म्हणाली.

इतक्यात पंच चेंडू मागण्यास आले. बनाबाईंनी तो पदराने पुसून त्यांच्या हाती दिला आणि बादली उचलली.

"पावणं, पुढच्या म्याचला येतो की. पर बसायचं कुठल्या टोकाला, ते आदुगर सांगा. आन्‌ पाचच्या आत उरका, धारंला चंद्री थांबायची न्हाय."