रॅकसमोरची रांगोळी

माझी शेवटची पोस्टिंग तुर्भ्याला होती. भाड्याच्या एका गोदामात आमच्या सामानाचा छोटा डेपो होता. कुठला, ते सांगायची गरज नाही. सिग्नल्सचे, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेचे, आम्ही तिघे तिथे होतो: मी हवालदार, नाईक शेळके आणि लान्स नाईक म्हात्रे. आमच्यावर कॅप्टन जाधव. शेळके नगरकडचा. म्हात्रे नावड्याचा, म्हणजे ड्युटी घराजवळ. त्यावरून शेळके त्याला रोज टोमणा मारायचा, "तू फौजेत नाहीस रे, सासरवाडीला आलायस."

डेपोच्या नेटवर्कसाठी फायरवॉल बसवायची होती. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. कोण आत येतो, कोण बाहेर जातो, हे तो तपासतो. दिसायला लोखंडी चपटी पेटी, वजन अठरा किलो. लोकांना वाटतं, खोक्यातून काढली, वायर लावली, झालं. तसं नसतं. आधी जागा तयार करावी लागते.

आम्ही कोपऱ्यातली खोली निवडली. तुर्भ्यात ट्रकांची धूळ फार, म्हणून खिडकीच्या फटी बंद केल्या, एसी लावला. रॅक, म्हणजे यंत्रं बसवायचं लोखंडी कपाट, बोल्टने जमिनीला पक्कं केलं. कंपाउंडमध्ये अर्थिंगचा नवा खड्डा घेतला आणि तिथून तांब्याची पट्टी रॅकपर्यंत आणली. रीडिंग एक ओहमच्या आत आलं, म्हणजे अर्थिंग पक्कं. रॅकसमोर जाड रबरी मॅट टाकली. आत जाताना रबरी तळव्याचे बूट घालायचे. शेवटची तपासणी होईपर्यंत रॅकच्या लाइनचा ब्रेकर खाली, म्हणजे बंद, ठेवायचा. एवढे नियम होते आणि ते सगळ्यांना माहीत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एसीवाला आला. त्याच्या पाइपला जागा हवी होती, म्हणून बोल्ट सोडून रॅक हातभर मागे सरकवला आणि पुन्हा कसला. तपासणी पुन्हा करायची होती. ती सकाळी करू, असं ठरलं.

फौजेत दसऱ्याला शस्त्रपूजा असते. सिग्नल्सवाल्यांचं शस्त्र म्हणजे वायरलेस सेट, केबल, मीटर. दसऱ्याच्या सकाळी कॅप्टन साहेब म्हणाले, "फायरवॉल आजच बसतेय ना? मग आधी पूजा, मग पॉवर."

शेळके पूजेत हौशी. त्याने रबरी मॅट गुंडाळून बाजूला ठेवली, कारण रांगोळी मॅटवर उठत नाही. फायरवॉल खोक्यातून काढून रॅकच्या पायाशी पाटावर ठेवली, तिच्यापुढे मल्टिमीटर आणि सेट मांडले, झेंडूचा हार घातला. बूट सगळ्यांनी दाराबाहेर काढले. फरशीवर दगड ठेवून नारळ फोडला. पाणी उडालं आणि पायाखाली पसरलं. मी आरतीचं ताट धरून उभा होतो. शेवटी शेळकेने रॅकवर लाइटिंगची माळ सोडली आणि तिची पिन रॅकच्याच पॉवर स्ट्रिपमध्ये खोचली. ती पेटावी म्हणून ब्रेकर वर केला.

तेव्हा यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. पूजेत बूट काढतात, रांगोळी काढतात, नारळ फोडतात, दिवे लावतात.

आरती झाली. साहेबांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि रॅकच्या दाराला टिळा लावायला वाकले.

म्हात्रे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला गेला होता. तो दारात आला, बूट पायात. त्याची नजर माळेवर गेली.

"सायेब, हात मागं! लाईन चालू हाय!"

फौजेत लान्स नाईक कॅप्टनला असं ओरडून सांगत नाही. साहेबांचं बोट रॅकपासून वीतभर होतं. ते तिथेच थांबलं.

"कोणी हलू नका," साहेब म्हणाले. "म्हात्रे, ब्रेकर."

"ब्रेकर खाली, सायेब."

माळ विझली. आम्ही एकेक करून बाहेर आलो. फरशी पुसली, मॅट अंथरली, बूट घातले. मग सगळ्यांना बाहेर उभं करून म्हात्रेने ब्रेकर पुन्हा वर केला आणि मीटरची एक पिन रॅकला, दुसरी अर्थच्या पट्टीला लावली.

"किती?" मी विचारलं.

"दोनशे अठ्ठावीस."

म्हणजे रॅकच्या लोखंडात घरातल्या प्लगइतका दाब होता. रॅक सरकवताना केबल त्याच्याच पायाखाली चेपून कातरली होती आणि अर्थची तार बोल्टपासून सुटली होती. साहेबांनी आपल्या पायांकडे एकदा पाहिलं. शेळके ब्रेकरकडे धावला.

ब्रेकर पाडला. केबल बदलली, तार कसली, रीडिंग पुन्हा एक ओहमच्या आत. मग दोघांनी दोन बाजूंनी उचलून फायरवॉल रॅकमध्ये सरकवली. ब्रेकर वर केला. पंखे फिरले, हिरवा दिवा लागला.

साहेब कुंकवाची वाटी घेऊन दारात उभे होते. "म्हात्रे, आता टिळा कुठे लावू, ते तूच सांग."

"चौकटीला लावा, सायेब. मशीनचा पंखा कुंकू आत ओढंल."

"आणि शेळकेला?"

"त्याला नको. त्याची पिन काढून घ्या."

शेळकेसकट सगळे हसलो.

दुसऱ्या वर्षी म्हात्रेची बदली उत्तरेला झाली. हिमवर्षावात एका चौकीची लाइन तुटली होती. ती जोडायला गेलेल्या पार्टीत तो होता. वरून बर्फ घसरलं. पार्टी परतली, तो परतला नाही.

मी आणि कॅप्टन साहेब, आता मेजर, नावड्याला त्याच्या घरी गेलो. साहेबांनी त्याच्या आईला दसऱ्याची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "काकू, माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती."

 आई म्हणाली, "आमाला त्यानं काय सांगला नाय. दसऱ्याला घरी आला तं बोलला, मशीन बसवली, जेवाला वाढ."

त्या खोलीत आम्ही चौघे होतो. आता तिघे आहोत.